वाहाकात खायला जाताय? आधी घड्याळ बघा, मग नकाशा

दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे, म्हणजे तिकडे मृतांचा सण असतो त्याच दिवसांत, टेक्सास-कॅलिफोर्नियातली आपली बरीच मंडळी मेक्सिकोतल्या वाहाकाला जातात आणि निघायच्या आठवडाभर आधी मेसेज येतो, "खायच्या जागांची लिस्ट पाठव ना". लिस्ट पाठवली तरी परत आल्यावर तक्रारी त्याच. मेमेला (मक्याची जाडसर भाकरी) विकणारी बाई सापडलीच नाही (दुपारी तीनला शोधत होते), त्लायुदा नावाची मक्याची मोठी पोळी चिवट निघाली (भर दुपारी टूरिस्ट हॉटेलात मागवली होती), मार्केटमधल्या मांस भाजायच्या धुराच्या गल्लीत कोणाकडून काय घ्यायचं तेच कळेना म्हणून आलो बाहेर, आणि मग काय, चौकात बसून पिझ्झा खाल्ला.

म्हणून यावेळी नुसती लिस्ट देत नाही, क्रम देते. या गावात जवळजवळ प्रत्येक पदार्थाची वेळ ठरलेली आहे. ती चुकली की एकतर ती बाई घरी गेलेली असते नाहीतर उरलंसुरलं ताटात येतं. जागा कुठली हे त्यानंतर बघायचं.

तयारी: हॉटेलातून निघायच्या आधी

1. सुटे पैसे करा. मार्केटमधे आणि गाड्यावर कार्ड चालत नाही असंच धरून चला. एटीएममधून हमखास 500 पेसोच्या नोटा येतात आणि मेमेलाच्या गाड्यावर 500 ची नोट काढली की ती बाई शेजारच्या चार गाड्यांवर सुटे मागत फिरते, तुमच्या मागची रांग खोळंबते आणि सगळे तुमच्याकडे बघतात. आदल्या संध्याकाळी सुपरमार्केटात पाण्याच्या बाटल्या, टिशू वगैरे घेऊन नोट मोडून ठेवा. 20, 50 च्या नोटा आणि 10 ची नाणी वेगळ्या खिशात. एक पेसो म्हणजे साधारण पाच रुपये धरा, हिशोब पटापट होतो. पैसे काढायचे तर बँकेच्या आतल्या मशीनमधून काढा, रस्त्यावरच्या एकट्या मशीनवर नको.

2. काय खात नाही ते घरीच बसून ठरवा, गाड्यासमोर उभं राहून नाही. बीफ खात नसाल तर लक्षात ठेवा: तासाहो म्हणजे बीफ, मीठ लावून अर्धवट वाळवलेले पातळ पापुद्रे. पोर्क नको असेल तर सेसिना टाळा. मेक्सिकोत बाकी ठिकाणी सेसिना बहुधा बीफची असते पण वाहाकात ती डुकराची, वरून मिरचीचा लाल मसाला चोळलेली, त्यामुळे मेक्सिको सिटीत शिकून आलेले लोक इथे हमखास फसतात. चोरिसो (मसालेदार सॉसेज) पण पोर्कच. रविवारच्या बाजारातला बार्बाकोआ (खड्ड्यात शिजवलेलं मांस) मात्र बकऱ्याचा किंवा मेंढ्याचा, म्हणजे आपल्या मटणवाल्या मंडळींची सोय तिथे.

3. व्हेज असाल तर "मी व्हेजिटेरियन आहे" एवढं पुरत नाही. समोरच्या माणसाला ते "याला मांसाचे तुकडे नकोत" असं ऐकू येतं, चिकनचं पाणी आणि डुकराची चरबी त्याच्या हिशोबात मांस नसतंच. वाक्यं पाठ करा: "नो कोमो कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो" (मांस, चिकन, मासे काहीच खात नाही), "तिएने मांतेका?" (यात चरबी आहे का?), आणि सगळ्यात महत्त्वाचं, "सिन असिएंतो, पोर फावोर". हे असिएंतो काय ते पुढे येतंय.

4. पोट. पहिल्या दिवशी सगळं खायचं नाही. शहर साधारण 1,550 मीटर उंचीवर आहे, दुपारी ऊन कडक आणि रात्री गार, त्यात प्रवासाचा शीण. पाणी बाटलीचंच. ओआरएसची पाकिटं इकडूनच घेऊन जा, तिकडेही मिळतात पण रात्री दोन वाजता मेडिकल शोधत कोण फिरणार.

सावधान: जुलैत गेलागेत्साचा उत्सव असतो आणि ऑक्टोबर संपता संपता मृतांचा सण. या दोन्ही वेळी खाली दिलेल्या प्रत्येक जागी रांग असणार. तेव्हा गेलात तर दिवसाला दोनच ठिकाणं धरा.

टप्पा 1: दिवसाचं घड्याळ लावून घ्या

सकाळी तमाल (मक्याचं पीठ पानात गुंडाळून वाफवलेलं), मेमेला, चॉकलेट. साधारण अकराच्या पुढे मार्केटमधलं जेवण रंगायला लागतं. दोन ते चार हे तिथलं मुख्य जेवण, मोले (मिरच्या-मसाल्यांच्या वाटणाचा दाट रस्सा) खायची हीच वेळ. पाचच्या सुमाराला आईस्क्रीम. आणि अंधार पडल्यावर, खरं म्हणजे आठ-नऊनंतर, त्लायुदा. आपण एक वाजता जेवून रात्री आठला परत भरपेट जेवायचं असा हिशोब नेला की सगळंच कोलमडतं.

घड्याळाइतकाच वारही बघा. आसपासच्या गावांत आठवडी बाजार फिरता असतो: बुधवारी एत्ला, गुरुवारी साचिला, शुक्रवारी ओकोत्लान, रविवारी त्लाकोलुला, आणि शनिवारी खुद्द शहरातल्या सेंत्राल दे आबास्तोस या बाजाराचा मोठा दिवस. तिकीट काढताना मुक्कामात रविवार येईल असं बघा, बाकी वार इकडेतिकडे झाले तरी चालतील.

टप्पा 2: सकाळ, मेमेला आणि तमाल

मेमेला म्हणजे मक्याच्या पिठाची जाडसर लांबट भाकरी, तव्यावर भाजून वर असिएंतो, मग वाटलेले काळे बीन्स, वरून कुस्करलेलं पांढरं चीज आणि साल्सा. आता असिएंतो: डुकराची कातडी चरबीत तळली की कढईच्या तळाशी जो तपकिरी गाळ बसतो तो. वाहाकाच्या चवीचा अर्धा जीव त्यात आहे हे खरं, पण तो भाकरीवर इतका पातळ फिरवतात की दिसतसुद्धा नाही आणि व्हेज मंडळी "फक्त बीन्स आणि चीज आहे" म्हणून आनंदाने खाऊन मोकळी होतात. म्हणून ऑर्डर देतानाच सांगायचं. भाकरी तव्यावर पडली की हात आपोआप असिएंतोच्या वाटीकडे जातो, मग सांगून उपयोग नाही.

कुठे: सेंत्राल दे आबास्तोसमधे दोन्या वालेचा स्टॉल आहे, 2020 मधे नेटफ्लिक्सवर आल्यापासून रांग लागते, साल्सा खरोखर जबरदस्त आहे. पण हा बाजार अफाट पसरलाय, आत शिरलं की दिशा कळत नाही, शनिवारी तर पाय ठेवायला जागा नसते आणि खिसेकापूही असतात. पहिल्याच सकाळी तिकडे जाऊ नका. पहिली सकाळ ला मेर्सेद किंवा सांचेस पास्कुआस यातल्या एका मार्केटात घालवा, दोन्ही लहान, शांत, आसपासच्या वस्तीतले लोक नाश्त्याला येतात. ला मेर्सेदमधे एम्पानादा दे आमारिय्यो पण घ्या, पिवळ्या मोलेत चिकन घालून दुमडलेली मक्याची पोळी.

तमाल घेताना केळीच्या पानातला मागा, आत काळा मोले आणि चिकन. मक्याच्या सालीतले पण असतात, मिरचीच्या पट्ट्यांचे, बीन्सचे, चेपिल नावाच्या पालेभाजीचे. व्हेजवाल्यांनो, बीन्सचा तमाल असला तरी पिठात बहुतेक ठिकाणी चरबीच फेसलेली असते. विचारा, आणि बाई "पोकिता" (अगदी थोडीशी) म्हणाली तर उत्तर हो आहे असं समजा.

चेक: स्टॉल निवडताना दोनच गोष्टी बघते मी. पैसे घेणारा हात आणि पीठ थापणारा हात वेगळा आहे का, आणि तवा सतत चालू आहे का. बरेच गाडेवाले प्लेटवर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून त्यावर वाढतात आणि तुमचं झालं की पिशवी काढून फेकतात, बघायला विचित्र वाटतं पण प्लेट बादलीत बुचकळून काढण्यापेक्षा बरं.

टप्पा 3: चॉकलेट, आणि ते प्यायचं कसं

सोकालो, म्हणजे मुख्य चौक, तिथून दक्षिणेला थोडं चाललं की आधी बेनितो ह्वारेस मार्केट लागतं आणि त्याच्या पुढे लगेच वेइन्ते दे नोविएम्ब्रे मार्केट. दोन्ही एकच समजून लोक गोंधळतात. पहिलं मुख्यतः खरेदीचं, दुसरं खायचं. चॉकलेटसाठी दुसऱ्यात जा, आतल्या कुठल्याही खानावळीत मिळतं.

तिथे तुम्हाला विचारतील "कोन आग्वा ओ कोन लेचे?", पाण्यातलं की दुधातलं. आपण सवयीने दूध म्हणतो. एकदा पाण्यातलं घेऊन बघा, कोकोची आणि दालचिनीची चव स्वच्छ कळते, पोटही जड होत नाही. लाकडी रवीने वर फेस आणलेला असतो आणि वाडग्यात देतात. सोबत पान दे येमा, अंड्याच्या बलकाचा मऊ पाव. तो बुडवून खायचा. (अंडं चालत नसेल तर पाव सोडा.) एक चूक सगळे करतात: चॉकलेट, पाव, वर एन्फ्रिहोलादास (बीन्सच्या रश्श्यात भिजवलेल्या मक्याच्या पोळ्या) आणि अंडी असा भरगच्च नाश्ता इथेच उरकतात, आणि मग पन्नास पावलांवरच्या धुराच्या गल्लीत शिरताना पोटात जागा नसते.

टप्पा 4: धुराची गल्ली, इथे क्रम पाळायचाच

वेइन्ते दे नोविएम्ब्रे मार्केटच्या एका बाजूला पासियो दे उमो नावाचा बोळ आहे. दोन्ही बाजूंना मांसाचे स्टॉल, पुढ्यात धगधगते निखारे, छताशी धूर साचलेला, आणि तुम्ही आत पाऊल टाकलं की सहा जण एकदम हाक मारतात. बहुतेक लोक इथे गडबडून पहिल्या हाकेला बळी पडतात नाहीतर फोटो काढून पळतात. इथे एक हॉटेल, एक मेन्यू, एक बिल असं नसतं. मांस एकाचं, भाजी दुसऱ्याची, पोळ्या तिसरीच्या आणि टेबल सगळ्यांचं मिळून. एकदा हे कळलं की सोपं आहे.

1. आधी एक फेरी मारा, हातात काही न घेता. हाकांना हसून "ओरीता" (येतो जरा वेळाने) म्हणायचं. किलोचे भाव पाट्यांवर असतात, ते बघा. कुठल्या निखाऱ्यावर मांस प्रत्यक्ष भाजलं जातंय आणि कुठे नुसतं लटकलंय तेही बघा.

2. भाजीवालीकडून पातीच्या कांद्याची एक जुडी आणि दोन-तीन चिले दे आग्वा घ्या. ही फिकट हिरवी मिरची वाहाकाच्या खोऱ्यातलीच. दिसायला भज्याच्या मिरचीसारखी असते म्हणून आपले लोक आख्खी तोंडात टाकतात. तिखट आहे. बरीच.

3. आता मांसवाला निवडा आणि वजन सांगा. "मेदियो किलो" म्हणजे अर्धा किलो, "उन क्वार्तो" म्हणजे पाव. दोघांना अर्धा किलो भरपूर होतो, पापुद्रे पातळ असतात त्यामुळे ढीग मोठा दिसतो. वेगवेगळं मिळून हवं असेल तर "मिक्स्तो" म्हणा, मग तासाहो, सेसिना, चोरिसो थोडं थोडं देतात. वजनकाटा तुमच्या डोळ्यांसमोर असू दे आणि भाजायला टाकायच्या आधी एकूण किती झाले ते विचारा, "कुआंतो एस?".

4. कांदा आणि मिरची याच माणसाच्या हातात द्या. तो मांसाबरोबर निखाऱ्यावरच भाजून देतो, वेगळं सांगावं लागत नाही. ही पायरी न कळल्यामुळे लोक कच्च्या कांद्याची जुडी हातात धरून टेबलावर बसलेले मी बघितलेत.

5. बसा. तो जागा दाखवेल. आता ग्वाकामोले (अ‍ॅव्होकॅडोची चटणी), चिरलेला टोमॅटो-कांदा, नोपाल (निवडुंगाची भाजी), मुळा, लिंबू घेऊन कोणीतरी येईल. ट्रेमधलं समोर ठेवलं म्हणजे ते फुकट असं नाही, जे उचलाल त्याचे पैसे. नको असेल ते तिथल्या तिथे परत करा.

6. पोळ्यांची टोपली घेऊन बाई फिरत असते, तिच्याकडून गरम पोळ्या घ्या. मांस यायच्या आधी घेऊ नका, गार होतात.

7. मिरची सोलायची पद्धत: भाजलेली साल बोटाने काढा, उभी फाडा, बिया झटका, पट्ट्या करा, त्यावर लिंबू आणि मीठ. पोळीत मांसाचा तुकडा, एक पट्टी, कांद्याचा गड्डा. एवढंच. वर चार साल्सा ओतलात तर धुराची चव गेली म्हणून समजा.

8. पैसे तीन जणांना वेगवेगळे द्यायचे, म्हणून सुटे.

चेक: उठायच्या आधी भाजीवालीचे आणि पोळीवालीचे पैसे दिलेत ना? विसरून निघालात तर ती मागे धावत येते, आणि ती बरोबर असते.

सावधान: कपड्यांना धुराचा वास दोन धुण्यांपर्यंत राहतो. लोकरीचं जाकीट घालून जाऊ नका. आणि पूर्ण शाकाहारी माणसाला हौसेने आत नेऊन बसवू नका, त्याला तिथे पोळी, नोपाल आणि ग्वाकामोले मिळेल खरं पण समोर कच्च्या मांसाचे पडदे लटकलेले असतात.

टप्पा 5: बेनितो ह्वारेसमधे प्यायचं आणि चाखायचं

तेहाते इथे प्या. मक्याचं पीठ, कोको, मामेय फळाची बी आणि रोसिता दे काकाओ नावाचं सुकं फूल एकत्र वाटून बाई मोठ्या मातीच्या पसरट भांड्यात कोपरापर्यंत हात घालून ते घुसळते, वरून धार धरून पाणी सोडते आणि पांढरा घट्ट फेस वर येतो. रंगवलेल्या हिकारात, म्हणजे वाळलेल्या फळाच्या वाडग्यात, देतात. पहिल्यांदा बघणारा फेस बाजूला सारून खालचं पितो, तसं करू नका, फेसासाठीच तर एवढी मेहनत. गोडी वेगळी घालतात, कमी हवी असेल तर आधी सांगा. यात ना दूध ना चरबी, त्यामुळे व्हेज लोकांना बिनधास्त. सान आंद्रेस वायापाम हे शेजारचं गाव तेहातेसाठी प्रसिद्ध, मार्केटमधल्या "ला फ्लोर दे वायापाम" स्टॉलवर त्याच गावाचं नाव आहे. हात घालून घुसळतात हे बघून ज्यांना नको वाटेल त्यांनी कासिल्दाच्या काउंटरवर जावं, तिथे काचेच्या मोठ्या बरण्यांतून सरबतं मिळतात, ओर्चाता (तांदळाचं गोड सरबत) घ्या, त्यात लाल तूना (निवडुंगाचं फळ) आणि अक्रोडाच्या जातीच्या सुक्या मेव्याचे तुकडे टाकलेले असतात.

दारातच चापुलिनेसचे ढीग दिसतील, लिंबू, लसूण, मीठ, मिरची लावून भाजलेले नाकतोडे. लहान, मध्यम, मोठे असे वेगळे ढीग असतात. लहान घ्या, कुरकुरीत आणि आंबट लागतात, मोठ्यांचे पाय दातात अडकतात. बायका चवीला चिमूटभर हातावर देतात, चव बघून नाही घेतलं तरी रागावत नाहीत. कोळंबीची अ‍ॅलर्जी असेल तर चवीलाही नको, कीटकांची पण तशीच रिअ‍ॅक्शन येऊ शकते.

टप्पा 6: मोले, दुपारचं बसून जेवण

वाहाकात सात मोले म्हणतात: काळा, लाल, कोलोरादितो, पिवळा, हिरवा, चिचिलो, मान्चामान्तेलेस. सगळे एका जेवणात उरकायचे नाहीत. लोक इथे काळ्यावर तुटून पडतात कारण नाव ऐकलेलं असतं, पण दोघं असाल तर एकाने काळा आणि दुसऱ्याने पिवळा किंवा हिरवा मागवा, म्हणजे काळ्याचा जळक्या मिरचीचा दाटपणा आणि हिरव्याची ताज्या पाल्याची चव शेजारी शेजारी कळते. मार्केटच्या खानावळीत साधं ताट मिळतं, भात आणि चिकन घालून. निवांत बसून खायचं तर लास किन्से लेत्रास हे हॉटेल. 2024 मधे मिशेलिन या हॉटेलांच्या गाइडचा स्टार मिळालेली दोन हॉटेलं आहेत, लेवादुरा दे ओय्या आणि लोस दान्सान्तेस, तिथे जायचं तर बुकिंग आधीच करा.

व्हेजवाल्यांना इथेही इशारा: "चिकन काढून नुसता मोले द्या" म्हटलं तरी मोले सैल करायला चिकनचंच पाणी वापरलेलं असतं, भातातही तेच असू शकतं. शेंगदाणे, तीळ, बदाम, पाव हेही वाटणात असतात, तेव्हा अ‍ॅलर्जीवाल्यांनीही विचारा. त्यापेक्षा कोलोनिया रेफॉर्मा भागात इतानोनी आहे तिथे सकाळी किंवा दुपारी जा. देशी वाणाचा मका, मातीचा तवा, समोर थापतात. तेतेला घ्या, बीन्स भरलेली तिकोनी पोळी. मला विचाराल तर अख्ख्या शहरात शाकाहारी माणसाची सगळ्यात चांगली सोय इथे होते, आणि मांस खाणाऱ्यालाही मका म्हणजे काय ते इथेच कळतं.

बिल मागितल्याशिवाय येत नाही. "ला क्वेंता, पोर फावोर" म्हणा. टिप 10 ते 15 टक्के, गाड्यांवर लागत नाही. आणि शेजारच्या टेबलावरून उठून जाणारा अनोळखी माणूस "प्रोवेचो" म्हणाला तर "ग्रासियास" म्हणा, दचकून बघत राहू नका.

टप्पा 7: संध्याकाळचं आईस्क्रीम

सोलेदाद चर्चच्या शेजारी छोटीशी बाग आहे, तिथे निएव्हेसचे स्टॉल गोलाकार मांडलेले असतात. लेचे केमादा कोन तूना मागा: एका बाजूला करपवलेल्या दुधाचं आईस्क्रीम, दुसऱ्या बाजूला गडद गुलाबी निवडुंगाच्या फळाचं. पहिला चमचा खाल्ला की आपल्याकडची कुठलीही आई म्हणेल दूध खाली लागलंय. मुद्दाम लावलेलं असतं. अर्धा कप होईपर्यंत थांबा, तूनाचा गारवा आणि ती करपट चव एकत्र आली की जमतं. नाहीच जमलं तर लिंबाचं घ्या.

टप्पा 8: रात्र, त्लायुदा

इथे वेळेची चूक सगळ्यात महागात पडते. त्लायुदा म्हणजे हातभर व्यासाची, अर्धवट वाळवलेली मक्याची मोठी पोळी. त्यावर असिएंतो, बीन्स, केसियोच्या (इथलं तंतुमय चीज) धाग्यांचा थर, कोबी, मग दुमडून थेट निखाऱ्यावर. निखारा नसेल तर ती नुसती वातड पोळी. दिवसा टूरिस्ट हॉटेलात गॅसवर गरम करून उघडी, पिझ्झासारखी कापून देतात, तीच खाऊन लोक म्हणतात काही खास नाही.

1. नऊच्या पुढे निघा, लिब्रेस रस्त्यावरच्या प्रसिद्ध त्लायुदांकडे. फुटपाथवर शेगड्या, ठिणग्या, अर्धं गाव रांगेत. मध्यरात्रीनंतरही चालू असतं.

2. मांस बरोबर घ्यायचं की नाही ते ठरवा. तासाहो, सेसिना किंवा चोरिसो बाजूला भाजून देतात. "सेन्सिय्या" म्हणजे साधी, बिनमांसाची. व्हेज असाल तर सेन्सिय्या सिन असिएंतो, दोन्ही शब्द लागतात. बीन्स चरबीत परतलेत का तेही विचारून घ्या.

3. दोघांत एक घ्या. दिवसभर खाल्लेलं असतं आणि ही संपता संपत नाही.

4. हातानेच खायची, गरम असतानाच. फोटोच्या नादात पाच मिनिटं गेली की चीज घट्ट होतं.

त्याच रस्त्यावर एल लेचोन्सितो दे ओरो हा गाडा रात्रीच लागतो, भाजलेल्या डुकराच्या पिल्लाचे ताको, वर कुरकुरीत कातडी. पोर्क खात असाल तर त्लायुदाच्या आधी एक ताको, नंतर पोटात जागा राहणार नाही. रात्री हवा गार होते, स्वेटर घ्या. मेस्काल (इथली अगावेची दारू) प्यायलात तर चालत परतू नका, टॅक्सी करा.

टप्पा 9: रविवार, त्लाकोलुला

शहरातल्या बेसबॉल स्टेडियमजवळून बस आणि शेअर टॅक्सी मिळतात, अंतर साधारण 30 किलोमीटर. नऊच्या आत पोचा, दुपारनंतर बार्बाकोआ संपत येतो आणि बाजारात चालवत नाही. आत शिरल्यावर रस्त्यावरच्या कपड्यांच्या, प्लॅस्टिकच्या दुकानांत वेळ घालवू नका, सरळ चर्चशेजारच्या छपराखालच्या मार्केटात जा.

लांब बाकांवर बसायचं, अनोळखी कुटुंबांशेजारी. दोन गोष्टी मागवा: कोन्सोमे, म्हणजे खड्ड्यात रात्रभर शिजलेल्या बकऱ्याचा रस्सा, आणि मांसाचे ताको. रश्श्यात कोबी, कांदा, कोथिंबीर, लिंबू आपल्या हाताने घालायचं. लोक आधी ताको खातात आणि रस्सा शेवटी गार झालेला पितात. उलटं करा.

याच मार्केटात दुसरीकडे कसायांच्या स्टॉलसमोर सामायिक निखारे पेटलेले असतात, कच्चं मांस विकत घेऊन तिथेच भाजायचं. धुराच्या गल्लीची रीत कळली असेल तर इथे अडणार नाही, फक्त चिमटा तुमच्या हातात. निघताना पान दे कासुएला घ्या, आत चॉकलेट आणि मनुका असतात. बसमधे खायला बरा.

सावधान: बाजारातल्या बायकांचे, त्यांच्या मालाचे फोटो न विचारता काढू नका. "पुएदो?" विचारा, नाही म्हणाल्या तर विषय संपला. काही घेतल्यावर विचारलं तर बहुतेक हो म्हणतात.

घरी न्यायचं असेल तर

मोलेची पेस्ट आणि चॉकलेट शेवटच्या दिवशी घ्या, आधी घेऊन बॅगेत तापवू नका. वेइन्ते दे नोविएम्ब्रे मार्केटच्या आसपास, मीना रस्त्यावर, कोको दळणाऱ्या गिरण्या आहेत, साखर आणि दालचिनी किती ते तुम्ही सांगाल तसं दळून देतात. मोले घेताना चाखून घ्या आणि दुहेरी पिशवीत घट्ट बांधून मागा, तेल सुटतं. पेस्ट केबिन बॅगेत ठेवली तर सिक्युरिटीवाले द्रवपदार्थ म्हणून काढून घेतात, म्हणून चेक-इनमधे, जुन्या टी-शर्टात गुंडाळून. मांसाचा अर्क असलेली पेस्ट अमेरिकेत अडवू शकतात तेव्हा पाकिटावरचे घटक वाचा, कस्टम्सला खाण्याचं सामान आहे असं सांगा. घरी चमचाभर तेलात पेस्ट आधी परतायची, मग गरम पाणी किंवा रस्सा थोडा थोडा घालत ढवळत राहायचं, आच मंद, कारण खाली लागायला एक मिनिट पुरतं.